यंत्र उपटलं तरी कर्नलमधली त्याची नोंद का उरते?

रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारं यूएसबी यंत्र, पंपाच्या खोलीत ठेवलेला छोटा लिनक्स बोर्ड आणि त्यावर स्वतः लिहिलेला कर्नल ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) राहून यंत्राशी बोलणारा कोड. जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने हे सगळं उभं केलं आणि मला विचारलं: "दादा, पंपाचा स्टार्टर ओढला की कधी कधी यूएसबी क्षणभर तुटते. माझं डिसकनेक्ट फंक्शन नीट चालतं, मेमरी मोकळी होते, लॉगमध्ये तशी ओळही येते. पण दोन-चार सेकंदांनी कर्नल ऊप्स (स्वतःच्या आतल्या गंभीर चुकीचा संदेश) देतो आणि बोर्ड गोठतो. मग कोणीतरी शेतात जाऊन तो बंद करून चालू करावा लागतो. यंत्र निघूनच गेलंय, तर कर्नल कशाला हात लावतोय? आणि कधी क्रॅश झालं नाही आणि ड्रायव्हर उतरवायला गेलो, तर मॉड्यूल वापरात आहे असं का सांगतो?"

आधी थोडक्यात सांगतो. यंत्र जाणं ही तू एक घटना धरली आहेस. कर्नलमध्ये त्या तीन आहेत. पहिली, यंत्र वायरीवरून जातं. दुसरी, कर्नल त्याचं नाव यादीतून काढतो आणि ड्रायव्हरला त्यापासून सोडवतो. तिसरी, ते वापरणारा शेवटचा हात सुटतो आणि मग त्याची मेमरी परत दिली जाते. पहिल्या दोहोंत सेकंदाहूनही कमी अंतर असतं. दुसरीनंतर तिसरी कधी येईल ते मात्र कोणाच्या हातात नसतं. तुझा पायथन प्रोग्रॅम फाइल उघडी ठेवून बसला असेल तर दोन दिवसांनी येईल. तू तिसऱ्या घटनेचं काम दुसऱ्या घटनेतच उरकलंस. क्रॅशचं मूळ तिथं आहे.

आता सविस्तर, कारण हे एकदा नीट समजलं की ड्रायव्हर लिहिण्याची तुझी पद्धतच बदलेल.

कर्नलला यंत्र कधीच दिसत नाही, त्याची नोंद दिसते. तलाठ्याच्या दप्तरात शेत नसतं, सातबारा असतो, आणि गावातले सगळे व्यवहार त्या सातबाऱ्यावर चालतात, तसंच. लिनक्समध्ये ही नोंद म्हणजे स्ट्रक्ट डिव्हाइस. त्यात यंत्राचं नाव असतं, ते कोणाच्या पोटी आहे ते असतं, कोणत्या बसवर आहे आणि सध्या कोणता ड्रायव्हर त्याला बांधलेला आहे ते असतं. त्याच्याही आत केऑब्जेक्ट नावाची छोटी रचना असते. तिच्यामुळे या नोंदीला सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपल्या नोंदी फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेत, स्वतःची डिरेक्टरी मिळते आणि तिच्यातच एक मोजणी असते: या नोंदीला आत्ता किती जणांनी धरून ठेवलं आहे.

लिनक्स कर्नलच्या 2.4 मालिकेपर्यंत पीसीआयवाले आपली यादी ठेवत, यूएसबीवाले आपली. वीज वाचवण्यासाठी यंत्र झोपवायचं तर क्रम लागतो: आधी कीबोर्ड, मग तो ज्या हबवर आहे तो हब, मग हबचा कंट्रोलर. क्रम उलटा झाला तर बंद झालेल्या हबमधून कीबोर्डशी बोलायची वेळ येते. वेगवेगळ्या याद्यांतून हा क्रम काढता येत नव्हता. म्हणून पॅट्रिक मोशेल यांनी 2.5 मालिकेत सगळ्या यंत्रांचं एकच झाड मांडलं, आणि 17 डिसेंबर 2003 ला आलेल्या 2.6 मध्ये ते सगळ्यांच्या हाती पडलं. वीजबचतीसाठी केलेल्या त्या मांडणीवर आज यंत्र लावणं आणि काढणं दोन्ही चालतं.

तुझ्याच बोर्डावर बघ. सिसएफएसमध्ये डिव्हाइसेस नावाच्या फांदीखाली खरं झाड आहे. बस आणि क्लास या फांद्यांवर दिसणारी यंत्रं म्हणजे त्या झाडाकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांची गर्दी. तुझं यंत्र तिथं 1-1.2 अशा नावाने असेल. पहिला 1 म्हणजे बस, नंतरचा 1 म्हणजे मूळ हबचं पोर्ट, आणि 2 म्हणजे पुढच्या हबचं पोर्ट. त्याच्या पोटात 1-1.2:1.0 अशी आणखी एक डिरेक्टरी दिसेल. ती इंटरफेसची नोंद आहे, आणि तुझा ड्रायव्हर तिला बांधला जातो, आख्ख्या यंत्राला नाही. एकाच वेबकॅमला चित्राचा एक ड्रायव्हर आणि माइकचा दुसरा मिळतो तो यामुळेच. झाडातलं प्रत्येक मूल आपल्या पालकाला धरून असतं. त्यामुळे इंटरफेसची नोंद जिवंत असेपर्यंत यंत्राची नोंद जात नाही. वायर कधीच निघालेली असली तरीही.

ही धरून ठेवण्याची मोजणी मला सगळ्यात नीट समजली ती संगणकावर नाही, भुसावळला. वडील रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. दोन ठिकाणांमधल्या रुळाच्या तुकड्यात गाडी आहे की नाही हे ओळखण्यासाठी रेल्वे ॲक्सल काउंटर वापरते. तुकड्याच्या दोन्ही टोकांना रुळाला सेन्सर असतात. आत येताना चाकांच्या जितक्या जोड्या मोजल्या तितक्याच बाहेर पडताना मोजल्या गेल्या, तरच तुकडा मोकळा. इंजिन डोळ्यांसमोरून पुढं गेलं म्हणून कोणी मोकळा धरत नाही. मागे एखादा डबा तुटून राहिलेला असू शकतो. आणि मोजणीत गडबड झाली तर? यंत्रणा तुकडा व्यापलेलाच दाखवते. गाड्या खोळंबतात, माणसं जाऊन तुकडा खरंच रिकामा आहे याची खात्री करतात, मग ठरलेल्या पद्धतीने मोजणी शून्यावर आणली जाते. खोळंबा परवडतो, टक्कर परवडत नाही.

कर्नलमध्ये गेट_डिव्हाइस म्हणजे चाक आत आलं, पुट_डिव्हाइस म्हणजे बाहेर गेलं. मोजणी शून्यावर आली की त्या नोंदीचं रिलीज फंक्शन बोलावलं जातं आणि मेमरी परत देण्याची जागा तीच, दुसरी नाही. एखादं पुट विसरलास तर नोंद कायमची पडून राहील, थोडी मेमरी वाया जाईल, हा खोळंबा. एखादं पुट जास्त केलंस, किंवा मोजणी बाजूला ठेवून सरळ केफ्री (मेमरी थेट मोकळी करणारं फंक्शन) केलंस, तर आत गाडी असताना तुकडा मोकळा दाखवला, ही टक्कर. 2017 साली 4.11 मध्ये कर्नलने या मोजणीसाठी रिफकाउंट_टी नावाचा वेगळा प्रकार आणला. मोजणी बिघडल्याचं त्याच्या लक्षात आलं की तो आकडा एका मोठ्या किमतीवर अडकवून ठेवतो, इशारा छापतो आणि मेमरी गळू देतो, पण पुन्हा मोकळी होऊ देत नाही. मी तो बदल वाचला तेव्हा वडिलांची आठवण झाली. शंका असेल तर तुकडा व्यापलेला धरा, हे ते आयुष्यभर सांगत आले.

आता तुझ्या पंपाच्या खोलीत नेमकं काय घडतं ते क्रमाने बघू.

स्टार्टर ओढला, कॉन्टॅक्टर बसला, वायरीत झटका आला. हबच्या पोर्टची अवस्था बदलली आणि हबने ते कंट्रोलरमार्फत कर्नलला कळवलं. हबचं काम करणारा कर्नल थ्रेड जागा झाला. तुझ्या लॉगमध्ये हबने पोर्ट बंद केलं आणि पुढं कंसात ईएमआय प्रश्नचिन्ह अशी ओळ असेल तर ती नीट वाच. विजेच्या गोंगाटामुळे पोर्ट बंद पडलं असावं, असा कर्नलचाच अंदाज आहे तो. थ्रेडने सगळ्यात आधी यंत्रावर "जोडलेलं नाही" अशी खूण केली, म्हणजे यापुढं कोणी नवी मागणी पाठवू पाहिली तर ती लगेच परत फिरेल. मग इंटरफेसच्या नोंदीवर डिव्हाइस_डेल चाललं. यात सिसएफएसमधल्या फाइली जातात, ड्रायव्हर सोडवला जातो म्हणजे तुझं डिसकनेक्ट बोलावलं जातं, आणि "काढलं" असा संदेश नेटलिंक या वाटेने यूडेव्हला, म्हणजे यंत्रांची ये-जा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, जातो. प्रोग्रॅम जिच्यातून यंत्र वाचतो ती तुझ्या कॅरॅक्टर डिव्हाइसची डेव्ह डिरेक्टरीतली फाइलही पुसली जाते. तू डिसकनेक्टमध्ये सीडेव्ह_डेल केलंस (सीडेव्ह म्हणजे त्या फाइलमागची कर्नलमधली नोंद), डिव्हाइस_डिस्ट्रॉय केलंस, परत आलास.

इथपर्यंत सगळं ठीक दिसतं. पण तुझा पायथन प्रोग्रॅम त्या क्षणी रीडमध्ये झोपलेला होता. त्याने फाइल आधीच उघडली होती. डेव्हमधलं नाव पुसल्याने उघडलेली फाइल बंद होत नाही. सीडेव्ह_डेलच्या दस्तऐवजातही स्पष्ट लिहिलंय की ते फक्त नव्याने उघडणं थांबवतं. आधीच उघडलेल्यांवर तुझी फंक्शनं यानंतरही बोलावली जातील. बहुतेक जण ते वाक्य क्रॅश झाल्यावरच वाचतात, मीही त्यातलाच.

आणि तुझी खाजगी रचना, म्हणजे ड्रायव्हरने स्वतःसाठी ठेवलेला डेटा, तू डेव्हएम_केझॅलॉकने घेतली होतीस. डेव्हएमचा करार असा की ड्रायव्हर यंत्रापासून सुटला की त्या नावावर घेतलेलं सगळं आपोआप परत जातं. डिसकनेक्ट संपल्यावर लगेच ती मेमरी गेली. त्या मेमरीतच तुझी वेट क्यू (झोपलेल्यांची रांग) होती, म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) होता, सीडेव्हही होता. दोन-चार सेकंदांनी तुझ्या प्रोग्रॅमचा टाइमआउट झाला, त्याने फाइल बंद केली, आणि कर्नल मोकळ्या झालेल्या जागेतल्या म्यूटेक्सला हात लावायला गेला. त्या जागी एव्हाना दुसऱ्या कोणाचा डेटा बसलेला. म्हणून कधी ऊप्स, कधी गोठणं, आणि कधी काहीच नाही. ते काहीच न होणं सगळ्यात वाईट, कारण त्यामुळे टेबलावरची चाचणी पास होते.

डेव्हएमबद्दल गैरसमज करून घेऊ नकोस. 2007 मध्ये 2.6.21 ला टेजुन हिओ यांनी ते आणलं आणि त्याने हजारो ड्रायव्हरांमधल्या चुकांच्या वाटा साफ केल्या. रजिस्टरांचं मॅपिंग, इंटरप्ट, क्लॉक, रेग्युलेटर, म्हणजे ज्याचं आयुष्य ड्रायव्हरच्या बांधणीइतकंच असतं, त्यासाठी ते उत्तम आहे. अडचण येते ती युजरस्पेसच्या हाती पोहोचू शकणाऱ्या रचनेसाठी ते वापरल्यावर. 2022 च्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत लॉरां पँशार यांनी डेव्हएम_केझॅलॉक घातक का ठरतं याच विषयावर भाषण दिलं, म्हणजे या चुकीत तू एकटा नाहीस, मोठमोठ्या उपप्रणालीही त्यात आहेत.

तुझा दुसरा प्रश्न मॉड्यूल उतरत नाही याचा. फाइल उघडताना कर्नल दोन वेगळ्या गोष्टी धरतो. एक मॉड्यूल, म्हणजे तुझा कोड. दुसरी सीडेव्ह, म्हणजे तुझी नोंद. मॉड्यूलची मोजणी कोडचं रक्षण करते: कोणी तुझ्या रीडमध्ये झोपलेलं असताना ते रीडच मेमरीतून निघून जाऊ नये. म्हणून ड्रायव्हर उतरवायला नकार मिळतो आणि तो नकार बरोबर आहे. पण वायर उपटताना किंवा सिसएफएसमधून अनबाइंड करताना, म्हणजे ड्रायव्हर हाताने सोडवताना, ही मोजणी कोणी विचारत नाही. मॉड्यूल उतरत नाही म्हणजे माझा डेटाही सुरक्षित आहे, असं तू गृहीत धरलंस. डेटाचं रक्षण दुसरी मोजणी करते, आणि ती तू डेव्हएम वापरून बाजूला ठेवलीस.

दुरुस्ती कशी करायची? खाजगी रचना साध्या केझॅलॉकने घे. तिच्या आतच एक स्ट्रक्ट डिव्हाइस आणि एक सीडेव्ह ठेव. प्रोबमध्ये, म्हणजे यंत्र जोडलं की बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये, डिव्हाइस_इनिशियलाइझ कर, रिलीज फंक्शन नेमून दे, आणि मग सीडेव्ह_डिव्हाइस_ॲड. हे फंक्शन 2017 पासून आहे आणि त्याचा खरा उपयोग असा की ते सीडेव्हला तुझ्या डिव्हाइसच्या पोटी घालतं. कोणी फाइल उघडली की सीडेव्ह धरला जातो, सीडेव्ह तुझ्या डिव्हाइसला धरतो, आणि ती साखळी शेवटची फाइल बंद होईपर्यंत तुटत नाही. केफ्री फक्त रिलीजमध्ये. यूएसबी यंत्राची नोंद तू यूएसबी_गेट_डेव्हने धरली असशील तर ती सोडणंही रिलीजमध्येच.

डिसकनेक्टमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी सीडेव्ह_डिव्हाइस_डेल, म्हणजे नवा कोणी आत येणार नाही. मग म्यूटेक्स घेऊन "गेलं" असा झेंडा वर कर आणि म्यूटेक्स सोड. मग वेट क्यूवरच्या सगळ्यांना जागं कर. मग यूएसबी_किल_यूआरबी; हे फंक्शन चालू असलेली मागणी मारून तिचं पूर्तता-फंक्शन संपेपर्यंत थांबतं, म्हणून त्या पूर्तता-फंक्शनला लागणारं लॉक तेव्हा हातात ठेवू नकोस. शेवटी पुट_डिव्हाइस. हे पुट म्हणजे तुझा स्वतःचा हात सोडणं. बाकीचे कोणी धरून असतील तर नोंद राहील, नसतील तर तिथल्या तिथं रिलीज होईल. त्यानंतर त्या पॉइंटरकडे बघायचंही नाही.

ओपन, रीड, राइट, आयऑक्टल, प्रत्येकाच्या सुरुवातीला म्यूटेक्स घेऊन झेंडा तपासायचा. वर असेल तर ईएनओडेव्ह, म्हणजे "असं यंत्र नाही" ही चूक, परत. रीडमध्ये झोपताना म्यूटेक्स हातात ठेवून झोपू नकोस, नाहीतर डिसकनेक्ट त्या म्यूटेक्सची वाट बघेल, रीड डेटाची वाट बघेल, आणि डेटा तर आता कधीच येणार नाही. झोपण्याची अट "डेटा आला किंवा यंत्र गेलं" अशी दुहेरी ठेव आणि जाग आल्यावर झेंडा पुन्हा तपास. पोलमध्येही (डेटा आला का हे विचारण्याच्या फंक्शनमध्ये) एरर आणि हँगअप दोन्ही कळव, नाहीतर सिलेक्टवर बसलेला प्रोग्रॅम काही कळल्याशिवाय बसून राहतो. हे सगळं नीट लिहिलेलं पाहायचं असेल तर कर्नलच्या यूएसबी डिरेक्टरीतला स्केलेटन ड्रायव्हर वाच. त्यात डिसकनेक्टेड नावाचा झेंडा, आयओ म्यूटेक्स आणि केरेफ (धरणाऱ्यांची मोजणी) तिन्ही आहेत. तो नमुना म्हणूनच ठेवलेला आहे.

रिलीजबद्दल आणखी दोन गोष्टी. रिलीज न देता डिव्हाइस नोंदवलास तर कर्नल बजावतो की याला रिलीज फंक्शन नाही, हे मोडलेलं आहे, दुरुस्त करा. काही जण तो इशारा घालवायला रिकामं रिलीज लिहितात आणि केफ्री होतं तिथंच ठेवतात. इशारा जातो, रोग तसाच. दुसरं, डिव्हाइस_रजिस्टरने चूक परत केली तरी थेट केफ्री करायचं नाही, पुट_डिव्हाइसच करायचं, कारण तोवर मोजणी सुरू झालेली असते. मुलाखतीला येणाऱ्यांना मी हा प्रश्न हमखास विचारतो.

एक गोष्ट मनात पक्की कर: काढण्याला ड्रायव्हर नकार देऊ शकत नाही. यंत्र हातात घेऊन माणूस निघून गेल्यावर कोणाला नाही म्हणणार? पूर्वी प्लॅटफॉर्म ड्रायव्हरसारख्या ठिकाणी रिमूव्ह फंक्शन पूर्णांक परत करत असे, आणि ते पाहून लोकांना वाटे की ऋण आकडा परत केला की काढणं थांबेल. कर्नल तो आकडा बाजूला टाकून पुढं जात होता, आणि अर्धवट साफसफाई करून परत आलेला ड्रायव्हर मात्र समजून चालायचा की आपण अजून जोडलेले आहोत. 2021 मध्ये 5.15 ला बस पातळीवरच्या रिमूव्हचा परतावा काढून टाकला गेला, पुढं प्लॅटफॉर्म ड्रायव्हरांचाही. उवे क्लाइने-क्योनिग यांनी शेकडो ड्रायव्हर एकेक करून बदलले.

यंत्र जाण्याची बातमी येण्याआधीचाही एक क्षण असतो आणि तो मला एका कारखान्यात चांगलाच भोवला होता. पीसीआय एक्सप्रेसवरचं कार्ड निघालं की त्याच्या रजिस्टरांतून वाचलेला प्रत्येक बिट 1 येतो, 32 बिट वाचलेस तर सगळे एफ. माझ्या ड्रायव्हरमध्ये "व्यस्त" बिट 0 होईपर्यंत थांबणारं लूप होतं आणि त्याला मर्यादा नव्हती. कार्डाचा स्लॉट ढिला झाला, व्यस्त बिट कायमचा 1 दिसायला लागला, एक सीपीयू त्यातच फिरत राहिला आणि यंत्र काढल्याची बातमी घेऊन आलेला थ्रेड त्याच्यामागं लॉकवर अडकला. तेव्हापासून मी रजिस्टर वाचणारं प्रत्येक लूप वेळेच्या मर्यादेने बांधतो आणि सगळे बिट 1 आले की यंत्र गेलं असं धरतो.

इतर कर्नलांनीही हाच पेच आपापल्या परीने सोडवला आहे. विंडोजमध्ये एकेका यंत्रासाठी डिव्हाइस ऑब्जेक्टांची थप्पी असते, आणि अचानक उपटलं तर ड्रायव्हरला आधी "सरप्राइज रिमूव्हल"चा संदेश येतो. त्यावेळी हार्डवेअरशी बोलणं थांबवायचं. खरा "रिमूव्ह"चा संदेश सगळी हँडलं बंद झाल्यावर येतो. म्हणजे माझ्या तीन घटनांतल्या शेवटच्या दोन तिथं दोन वेगळ्या संदेशांतच दिसतात, आणि हे मला लिनक्सपेक्षा जास्त स्पष्ट वाटतं. फ्रीबीएसडीमध्ये ड्रायव्हरचं डिटॅच व्यस्त आहे म्हणून नकार देऊ शकतं, आणि तिथलं डिस्ट्रॉय_डेव्ह आत असलेले सगळे थ्रेड बाहेर पडेपर्यंत स्वतः थांबतं. लिनक्समध्ये ती जबाबदारी ड्रायव्हर लिहिणाऱ्यावर टाकलेली आहे, आणि माझ्या मते ती खूप जास्त टाकलेली आहे. आता वारं बदलतंय: जीपीआयओ (बोर्डावरच्या साध्या पिनांच्या) उपप्रणालीने 2024 मध्ये हे रक्षण एसआरसीयू ही कर्नलमधली पद्धत वापरून स्वतःकडं घेतलं, आणि रस्ट भाषेतल्या ड्रायव्हरांसाठी ड्रायव्हर सुटला की हार्डवेअरकडं जाण्याची वाटच बंद करणारे प्रकार कर्नलमध्ये आले आहेत.

चाचणीसाठी रावेरला जायची गरज नाही. बोर्डावर प्रोग्रॅमला रीडमध्ये झोपू दे आणि दुसऱ्या टर्मिनलवरून तुझ्या ड्रायव्हरच्या डिरेक्टरीतल्या अनबाइंड फाइलमध्ये इंटरफेसचं नाव लिही. मग बाइंड. मग पुन्हा. हे रात्रभर लूपमध्ये चालव. यंत्राच्या ऑथराइज्ड फाइलमध्ये 0 लिहिलंस तरी तुझा ड्रायव्हर असाच सुटतो. त्याआधी कर्नल केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू करून बांध. मोकळ्या मेमरीला हात लागला की कुठं घेतली, कुठं सोडली आणि कुठं हात लागला हे तिन्ही स्टॅक तो छापतो. सोबत डीबग केऑब्जेक्ट रिलीज हा पर्याय चालू कर. तो रिलीज मुद्दाम काही सेकंद उशिरा करतो, त्यामुळे पुट केलं की लगेच मोकळं होतं असं गृहीत धरणारा कोड लगेच उघडा पडतो. हार्डवेअरच नको असेल तर डमी एचसीडी आहे, खोटा कंट्रोलर आणि खोटं यंत्र दोन्ही एकाच बोर्डावर.

आता एक प्रश्न मी तुला विचारतो: कर्नल ड्रायव्हरची गरज आहे का? शिकण्यासाठी लिहिलास, उत्तम. पण प्रकल्पासाठी तुझ्या मायक्रोकंट्रोलरला सीडीसी एसीएम, म्हणजे यूएसबीवरचं प्रमाणित सिरियल पोर्ट, म्हणून ओळख द्यायला लाव. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच आहे आणि उपटण्याच्या सगळ्या वाटा त्यात वर्षानुवर्षं तपासल्या गेल्या आहेत. तिथंही तुला मोजणीचा हा खेळ दिसेल. यंत्र तुटून परत आलं की टीटीवायएसीएम0 चं टीटीवायएसीएम1 होतं, कारण तुझ्या प्रोग्रॅमने जुनी फाइल अजून धरलेली असते आणि त्या नोंदीचा क्रमांक सुटलेला नसतो. प्रोग्रॅमने चूक आल्यावर फाइल बंद करून थोडं थांबून पुन्हा उघडली की क्रमांक परत मिळतो. त्याहून चांगलं म्हणजे डेव्ह डिरेक्टरीतल्या सिरियल बाय-आयडीखालचं कायम राहणारं नाव वापरणं.

आणि मुळातला झटका ड्रायव्हरने थांबणार नाही. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लाव, यूएसबी केबल आखूड आणि शील्डेड घे, तिला मोटारीच्या थ्री फेज वायरींपासून दूर ने. खोलीपासून सेन्सर लांब असेल तर यूएसबी 5 मीटरच्या पुढं ओढू नकोस, तिथं आरएस-485 टाक. हे करून आणि रात्रभराचं अनबाइंडचं लूप चालवून झालं की मला डीमेसेजचा (कर्नलच्या संदेशांचा) पूर्ण लॉग पाठव, फक्त शेवटच्या वीस ओळी नको. ऊप्सच्या आधीचा भाग मला लागेल.